डब्लिनच्या पबमधलं सेशन: कुठे जावं, कधी जावं आणि कसं ऐकावं

वादक तुमच्याकडे पाठ करून बसलेले दिसले, तर समजा की बरोबर जागी आलात. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा जण, मध्ये अर्धवट प्यालेले ग्लास, एकाच्या हनुवटीखाली फिडल, दुसऱ्याच्या ओठाशी लाकडी बासरी. माइक नाही, मंच नाही, कोणी कोणाची ओळख करून देत नाही. ते एकमेकांसाठी वाजवत असतात आणि आपल्याला शेजारी बसून ऐकायची मुभा असते. याला इथे सेशन म्हणतात.

डब्लिनला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली बरीच मंडळी पहिल्याच शनिवारी टेंपल बार भागात जातात. गर्दीत तासभर उभी राहतात, बिअरचा महागडा पाइंट घेतात, स्पीकरवरून आलेली चार ठरावीक गाणी ऐकतात आणि ‘आयरिश संगीत ऐकून झालं’ म्हणून परततात. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. तिसऱ्या हिवाळ्यात एका सहकारिणीने मला सोमवारी रात्री एका साध्या पबमध्ये नेलं. तिथे पहिली दहा मिनिटं ऐकतानाच वाटलं, हे परकं नाही. सगळे मिळून एकच चाल वाजवतात, चाली कानाने शिकतात, हरकती ज्याच्या त्याच्या असतात आणि खाली एक अखंड षड्ज चालू असतो. आपला कान यासाठी आधीच तयार आहे. फक्त कुठे बसायचं आणि केव्हा गप्प राहायचं हे ठाऊक हवं. त्यासाठीच हा लेख.

आधी सेशनची थोडी ओळख

पबमध्ये बसून असं वाजवणं ही शेकडो वर्षांची प्रथा असेल असं वाटतं, पण ती तितकी जुनी नाही. चाली जुन्या आहेत, जागा नवी आहे. पूर्वी हे संगीत घरांत, खळ्यांवर आणि चौरस्त्यांवर नाचासाठी वाजायचं. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला आणि घरोघरच्या नाचांवर त्याचा मोठा परिणाम झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो आयरिश माणसं मजुरीसाठी इंग्लंडला गेली. भाड्याच्या खोलीत वाद्य वाजवायला जागा नसायची, म्हणून ती लंडनच्या पबमध्ये जमू लागली. आजच्या पबमधल्या सेशनचं रूप बरंचसं तिथे घडलं. १९५१ मध्ये मलिंगार गावात ‘कोल्तस’ ही पारंपरिक संगीताची संस्था उभी राहिली, तिच्या संगीतमेळ्यांनी गावोगावचे वादक एकत्र आणले आणि साठच्या दशकात पबमधलं सेशन आयर्लंडभर रुजलं.

थोडक्यात, परक्या शहरात आपल्या माणसांना भेटायचं निमित्त म्हणून हे सुरू झालं. सेशनमध्ये दोन चालींच्या मधे दहा मिनिटं गप्पा चालतात, त्याचं कारण हेच. त्या गप्पांचा कंटाळा करू नका, त्याही सेशनचाच भाग आहेत.

पबच्या दारावरची पाटी वाचायला शिका

‘लाइव्ह म्युझिक’ अशी पाटी शहरात शेकडो ठिकाणी आहे. तिच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे बॅलड: एक-दोन गायक, गिटार, ध्वनिवर्धक, सगळ्यांना ठाऊक असलेली गाणी आणि लोकांनी मिळून धरलेलं ध्रुवपद. मित्रमंडळींबरोबर ही मजा छान असते, तिला कमी लेखू नका. दुसरी म्हणजे तिकीट काढून ऐकायची मैफल. वेक्सफर्ड स्ट्रीटवरचं व्हेलन्स १९८९ पासून यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे नवे गीतकार-गायक आणि रॉक बँड वाजवतात, तिकीट आधी काढावं लागतं. तिसरी म्हणजे सेशन, म्हणजेच ‘ट्रॅड’ (पारंपरिक संगीत). पाटीवर ‘ट्रॅड सेशन’ असं लिहिलेलं असलं तरी आत डोकावून पाहा. वादक गोलात बसले असतील तर आत जा. प्रेक्षकांकडे तोंड करून, स्पीकर लावून रांगेत बसले असतील, तर तो कार्यक्रम आहे.

आणखी एक गंमत सांगते. डब्लिनचे काही सर्वांत सुंदर जुने पब मुद्दाम संगीताशिवाय चालतात. ग्लास्नेव्हिन स्मशानभूमीला लागून असलेला जॉन कॅव्हनाचा पब १८३३ पासूनचा आहे. लोक त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणतात, आणि तिथे ना गाणं असतं ना टीव्ही, फक्त बोलणं. पबमध्ये संगीत नसेल तर तो खरा आयरिश नाही, हा समज तिथे तासभर बसलं की निघून जातो.

कुठे जायचं

वेळ एकाच संध्याकाळचा असेल, तर स्मिथफील्डच्या चौकाला लागून असलेल्या कॉबलस्टोनला जा. माझ्या मते डब्लिनमध्ये याला तोड नाही. लुआस या ट्रामच्या लाल मार्गावर स्मिथफील्ड थांब्यावर उतरलात की पाच मिनिटांचं चालणं. आत शिरल्यावर पुढच्या कोपऱ्यात वादकांची जागा आहे आणि तिच्याभोवती ऐकणाऱ्यांनी शांत राहावं अशी अपेक्षा असते. मागच्या खोलीत मैफली आणि वर्ग चालतात. २०२१ मध्ये या पबच्या वर आणि भोवती हॉटेल उभारायचा प्रस्ताव आला आणि मागच्या खोलीवर गदा आली. तेव्हा शहरातले वादक, विद्यार्थी आणि रोजचे श्रोते वाद्यं आणि प्रतीकात्मक शवपेटी घेऊन रस्त्यावर उतरले, आणि त्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. आज तिथे बसून ऐकताना ही गोष्ट मनात असू द्या. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या मोर्चात होते.

दुसरं ठिकाण म्हणजे सेंट स्टीफन्स ग्रीनजवळ मेरियन रोवरचं ओडोनोह्यूज. १९६२ मध्ये जमलेला ‘द डब्लिनर्स’ हा गट याच पबमधल्या बैठकांतून पुढे आला. रॉनी ड्रू, ल्यूक केली, बार्नी मकेना आणि किअरन बर्क यांनी साध्या माणसांची गाणी जगभर नेली. भिंतींवर त्यांची चित्रं आणि छायाचित्रं आहेत. पब अरुंद आहे, आठवड्याच्या शेवटी पाय ठेवायला जागा नसते. म्हणून इथे मंगळवार-बुधवारी जा. ल्यूक केली आवडत असेल तर जवळच साउथ किंग स्ट्रीटवर त्याचा बसलेला पुतळा आहे. शहरात त्याचे दोन पुतळे एकाच दिवशी, २०१९ च्या जानेवारीत, उभे राहिले.

ब्रिज स्ट्रीटवरचं ब्रेझन हेड स्वतःला ११९८ सालचं म्हणवतं. आजची इमारत अठराव्या शतकातली आहे. अंगण सुंदर आहे, रोज संगीत असतं, आणि पर्यटकांची गर्दी असली तरी आई-वडिलांना संध्याकाळी लवकर घेऊन जायला ही जागा मला बरी वाटते. मार्लबरो स्ट्रीटवरचं पायपर्स कॉर्नर आणि कॅम्डन स्ट्रीटवरचं डेव्हिट्स हीदेखील सेशनसाठी ओळखली जातात.

दारूच्या जागी पाऊल ठेवायचंच नाही, असं ज्यांचं ठरलेलं आहे त्यांनी मॉन्क्सटाउनमधल्या ‘कुलतुरलान’कडे वळावं. ते कोल्तसचं मुख्य केंद्र आहे. डार्ट या लोकलने समुद्राच्या कडेने जायचं. तिथे मैफली होतात आणि ‘केली’ म्हणजे समूहनाचही होतात, मुलंबाळं घेऊन जाता येतं. दिवसा वेळ असेल तर मेरियन स्क्वेअरवरचं आयरिश पारंपरिक संगीताचं संग्रहालय बघा. या संस्थेने १९८७ पासून ध्वनिमुद्रणं, हस्तलिखितं आणि छापील चाली जमवल्या आहेत, आणि तिथे बसून ऐकता येतं.

एका संध्याकाळी एकच पब ठरवा, फार तर दोन. पाच पबना अर्धा-अर्धा तास देण्याचा बेत सेशनच्या बाबतीत फसतोच, कारण पहिला अर्धा तास वादकांचा सूर जुळण्यात जातो. रंग भरतो तो दुसऱ्या तासात.

वार आणि वेळ

सेशनचे वार ठरलेले असतात आणि बहुधा वादकही ठरलेले. पब दोघा-तिघांना मानधन देऊन ठरावीक रात्री बोलावतो, बाकीचे आपणहून येऊन बसतात. म्हणून सोमवारचं सेशन आणि गुरुवारचं सेशन एकाच टेबलावर असूनही स्वभावाने वेगळी. ‘द सेशन’ नावाच्या संकेतस्थळावर शहरवार याद्या असतात, पण त्या दिवशी दुपारी पबच्या पानावर पाहून किंवा फोन करून खात्री करून घ्याच. आठवड्यातल्या रात्री बहुतेक सेशन नऊ-साडेनऊला सुरू होतात. शनिवार-रविवारी दुपारीही असतात, आणि मला रविवार दुपारचं सेशन सर्वांत प्रिय आहे. बाहेर पाऊस, आत निवांत वादक, गर्दी कमी.

पब सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकरापर्यंत, शुक्रवार-शनिवारी साडेबारापर्यंत आणि रविवारी अकरापर्यंत दारू देतात. त्यानंतर ग्लास संपवायला अर्धा तास. काहींकडे जास्त उशिरापर्यंतचा परवाना असतो. नऊचं सेशन असेल तर तुम्ही साडेआठला तिथे हवं. बसायला मिळतं आणि वाद्यं लावताना ऐकायला मिळतं.

लहान मुलांविषयी कायदा स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालच्यांना रात्री ९ नंतर पबमध्ये थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर या काळात ही मर्यादा रात्री १० आहे. पंधराखालची मुलं आई-वडिलांबरोबरच हवीत. म्हणजे मुलं असतील तर दुपारचं सेशन गाठा. तरुण दिसत असाल तर पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ ठेवा. दारावर विचारतात, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नसतं.

निघण्यापूर्वी

जेवून जा. सेशनच्या बऱ्याच पबमध्ये रात्री स्वयंपाकघर बंद असतं, काहींत मुळात नसतंच. तिथे मिळतं ते बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट. शाकाहारी असाल आणि दुपारी पबमध्ये सूप घेणार असाल, तर ते कोंबडीच्या अर्कात केलंय का हे विचारा. भाज्यांच्या सूपमध्येही तो असू शकतो.

अंगावर थरांनी कपडे घाला, कारण बाहेर गारठा आणि आत घाम. सिगारेट आत चालत नाही. २००४ च्या मार्चपासून आयर्लंडमध्ये बंदी आहे. गाडी नेऊच नका. लीप कार्ड घ्या, त्यावर ९० मिनिटांत बस, लुआस आणि शहरातली डार्ट बदलून वापरता येते. शेवटची लुआस किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा.

बारवर

पबमध्ये कोणी टेबलाशी येऊन विचारत नाही. आपण बारपाशी जायचं, बारमनची नजर मिळेपर्यंत उभं राहायचं, मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. हात वर करून हाक मारू नये, चुटकी तर अजिबात वाजवू नये. आपला नंबर कधी आला हे त्याच्या बरोबर लक्षात असतं. बारवर टिप द्यायची पद्धत नाही.

स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मागवलीत तर बारमन ग्लास तीन-चतुर्थांश भरून बाजूला ठेवतो. तो उचलू नका. भुरा ढग वर चढून काळा होईपर्यंत ती निवळते, मग तो वरचा भाग भरतो. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरचा. अर्धा हवा असेल तर ‘ग्लास’ म्हणा. शाकाहारी वाचकांसाठी सांगते: पूर्वी गिनेस ही इथली स्टाउट गाळताना माशाच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरत, आता ती पद्धत सोडली आहे. डब्लिनमध्ये पाइंटला साधारण सहा-सात युरो पडतात, टेंपल बारच्या गजबजाटात त्याहून बरेच जास्त.

आता महत्त्वाचं. सेशनला जायला दारू प्यावी लागत नाही. मी स्वतः बहुतेक वेळा रॉक शँडी घेते: संत्र्याचा आणि लिंबाचा सोडा अर्धा-अर्धा, बर्फ घालून. हे इथलं अस्सल पबमधलं पेय आहे आणि कोणी भुवया उंचावत नाही. बिनअल्कोहोलची गिनेसही बहुतेक ठिकाणी मिळते. हिवाळ्यात बरोबरचं कोणी पीत असेल तर त्याला गरम व्हिस्की सुचवा. गरम पाणी, साखर, लिंबाची चकती आणि तिला टोचलेल्या लवंगा. वासानेच घरच्या काढ्याची आठवण येते. फक्त एक सांभाळा: तीन तास जागा अडवून काहीच घेतलं नाही असं करू नका. पबच्या गल्ल्यातूनच वादकांचं मानधन निघतं.

आयरिश मित्रांबरोबर गेलात तर ‘राउंड’ कळायला हवा. एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. तुमचा नंबर आला की विचारायची वाट न पाहता उठा. दारू पीत नसाल तर पहिल्या राउंडलाच मोकळेपणाने सांगा की मी माझं माझं घेईन.

जागा

वादकांच्या जवळ बसा, पण त्यांच्या टेबलावर नाही. मी माझ्या सुरुवातीच्या काळात एका पबमध्ये रिकामं स्टूल दिसलं म्हणून सरळ बसले होते. शेजारच्या बासरीवाल्या आजोबांनी हळूच सांगितलं की ती फिडलवाल्याची जागा आहे, तो दहा मिनिटांत येईल. मग त्यांनीच मला भिंतीकडेचा बाक दाखवला. तेव्हापासून मी नियम ठेवलाय: त्या कोपऱ्यातलं कोणतंही आसन रिकामं दिसलं तरी विचारल्याशिवाय बसायचं नाही. ते येणाऱ्या वादकासाठी राखलेलं असतं.

एकट्या जाणाऱ्या बायकांनी सेशनला बिनधास्त जावं. बारच्या टोकाचं स्टूल किंवा वादकांच्या मागचा बाक निवडा. मी कित्येकदा एकटी गेले आहे आणि हातात पुस्तक घेऊन बसणाऱ्या इतर बायकाही पाहिल्या आहेत. जुन्या पबमध्ये ‘स्नग’ नावाची लाकडी आडोशाची छोटी खोली दिसेल. बाईने उघड्यावर बसून पिणं चांगलं मानत नसत, त्या काळी बायका तिथे बसत. आता ती जागा सगळ्यांना हवीहवीशी वाटते, पण सेशन ऐकायला ती उपयोगाची नाही. आवाज दबतो.

ऐकायचं कसं

यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण बाकी सगळं कोणीही सांगेल.

सुरुवातीला सगळ्या चाली सारख्याच वाटतात. त्याला घाबरू नका. आधी ठेका पकडा. सर्वांत जास्त वाजतात ते रील आणि जिग. रील आठ मात्रांची, भजनी ठेक्यासारखी किंवा केरव्यासारखी मनात धरता येते, लय मात्र चढी. जिग सहाची, तीन-तीन. दादरा जलद लयीत मोजलात की जिग तुमच्या हाती आली. इथे मुलांना जिग शिकवताना ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ असं म्हणायला लावतात, आपण ‘धा धी ना धा ती ना’ म्हणावं. तीन-तीन-तीन असा नऊचा झोका आला तर ती स्लिप जिग. ती कमी वाजते आणि फार देखणी असते. वेस्ट कॉर्क-केरीकडचे वादक असतील तर पोल्का ऐकू येईल, दोनाची, उसळती.

मग चालीची बांधणी. बहुतेक चालींना दोन भाग असतात, आपल्या अस्ताई-अंतऱ्यासारखे. पहिला खालच्या सुरांत, दुसरा वर चढलेला. प्रत्येक भाग दोनदा वाजतो, की एक फेरी झाली. रीलची फेरी अर्ध्या मिनिटाची असते. अशा तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी चाल सुरू होते, मग तिसरी. या सगळ्याला मिळून ‘सेट’ म्हणतात. जिथे एक चाल संपून दुसरी लागते तो क्षण चुकवू नका. एखादा वादक भुवई उंचावतो, ‘हप्’ म्हणतो, सूर बदलतो आणि सगळं टेबल एकदम उचललं गेल्यासारखं वाटतं. समेवर आल्यावर आपल्याकडे जशी मान डोलते, तशी तिथे सगळ्या खोलीची डोलते.

पेटी वाजवणाऱ्यांनी लक्ष दिलं तर कळेल, बहुतेक चाली पांढरी दोन किंवा पांढरी पाचमध्ये असतात, कारण टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि लाकडी बासरी त्या सुरांची. थाट ओळखणाऱ्यांना आणखी आनंद मिळेल. बिलावल तर आहेच, पण कितीतरी चाली खमाज आणि काफीच्या स्वरांत आहेत. कोमल निषाद आला की मला आईची आठवण येते. साताऱ्याहून ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला कॉबलस्टोनला नेलं होतं. भजनी मंडळात तीस वर्षं गायलेली ती. तिसऱ्या चालीला माझ्या कानाशी वाकून म्हणाली, “अगं, हा तर काफीच की.” इंग्रजी येत नसल्याने दिवसभर गप्प असलेली माझी आई त्या रात्री तिथून उठायला तयार नव्हती.

वाद्यांपैकी इलन पाइप्सकडे खास लक्ष द्या. ‘इलन’ म्हणजे कोपर. वादक बसून वाजवतो, तोंडाने फुंकत नाही. एका कोपराने भाता दाबून हवा भरतो, दुसऱ्या कोपराने पिशवी दाबतो आणि बोटांनी चाल वाजवतो. शेजारी तीन नळ्या एकच सूर तीन सप्तकांत धरून ठेवतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तिथे घर सापडतं. युनेस्कोने २०१७ मध्ये या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ‘बौरान’ म्हणजे बकरीच्या कातड्याची डफासारखी चौकट, छोट्या लाकडी टिपरीने वाजवतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवायची रीत वेगळी. झटक्याचे कण आणि पाच सुरांचा फिरता ‘रोल’ ऐका, आपल्या खटका-मुरकीची भावंडं वाटतील. सगळे एकच चाल वाजवत असले तरी दोघांची सजावट सारखी नसते, आणि दुसऱ्या फेरीत त्याच माणसाचीही नसते. एकाच वादकावर पूर्ण सेटभर कान ठेवून बघा. मग कान दुसऱ्यावर न्या.

टाळ्यांविषयी: चालीच्या मधे ठेका धरून टाळ्या वाजवू नका. आपल्याला ते प्रेमाचं वाटतं, पण लय डगमगते आणि वादकांना त्रास होतो. पायाने हलकेच ताल धरा. सेट संपल्यावर टाळ्या द्या, किंवा नुसतं ‘लव्हली’ म्हणा. फर्माईश करू नका. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, अर्ध्या मिनिटात आटपा आणि फोन खाली ठेवा. वादकांना दाद द्यावीशी वाटली तर टेबलावर नोट ठेवण्यापेक्षा बारमनला विचारा की ते काय पीत आहेत, आणि पुढचा राउंड तुमच्याकडून पाठवा.

कोणी गायला लागलं की

केव्हातरी वाद्यं थांबतात आणि ‘श्श’ असा आवाज फिरतो. कोणीतरी डोळे मिटून, कसल्याही साथीशिवाय गाऊ लागतं. ही ‘शॅन-नोस’ म्हणजे ‘जुनी रीत’. गाणं आयरिश भाषेत असेल तर शब्द कळणार नाहीत, पण जात्यावरची ओवी ज्याने ऐकली आहे त्याला तो एकटा आवाज कळतो. अशा वेळी बारमनही गल्ला वाजवत नाही. ग्लास खाली ठेवू नका, खुर्ची सरकवू नका, बाहेर जायचं असेल तर थांबा.

फक्त गाणंच ऐकायचं असेल तर पार्नेल स्क्वेअरवर जमणारं ‘अन गोलीन’ हे गायकांचं मंडळ १९७९ पासून चालू आहे. अशा मंडळांत ‘नोबल कॉल’ची पद्धत आहे. ज्याने गायलं, त्याला पुढच्याचं नाव पुकारायचा मान. पाहुण्यालाही पुकारतात. तेव्हा ‘मला आयरिश येत नाही’ म्हणून मागे सरू नका. ओवी म्हणा, अभंग म्हणा, अंगाईगीत म्हणा. दोन वाक्यांत अर्थ सांगा आणि गा. लोक कान देऊन ऐकतात, शेवटी जवळ येऊन शब्द विचारतात.

तुम्ही वाजवत असाल तर

पहिल्या दिवशी नुसतं ऐका. दुसऱ्या खेपेला वाद्याची पेटी दिसेल अशी ठेवा, बहुधा कोणीतरी विचारेलच. नाही विचारलं तर दोन सेटच्या मधल्या वेळात मानधनावर आलेल्या वादकाला विचारा. येत असलेल्याच चालीत वाजवा. न येणाऱ्या चालीवर आलाप किंवा स्वतःचं काही घालायचं नाही, इथे तो मोठा दोष मानतात. तालवाद्य एका वेळी एकच चालतं, तेव्हा बौरान वाजत असेल तर तबला काढू नका. बासरीवाल्यांनी पंधरा-एक युरोंची पांढरी दोनची टिन व्हिसल घेऊन बघावी. आपल्या बासरीत सहाही छिद्रं बंद केली की मंद्र पंचम येतो, हिच्यात षड्ज येतो. तेवढं डोक्यात बसलं की बोटं लवकर रुळतात.

निघताना

‘टाइम’ची हाक आली, दिवे मोठे झाले की वादक वाद्यं पुसायला घेतात. बोलायची खरी वेळ ही. आवडलेल्या चालीचं नाव विचारा. ‘तिसऱ्या सेटमधली दुसरी’ एवढं सांगितलं तरी त्यांना कळतं. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि ती चाल कोणाकडून शिकले हेही सांगतात. मी यासाठी एक वही ठेवली आहे. त्यात चालीचं नाव, वार, कोणत्या वाद्यावर ऐकली, असं लिहून ठेवते. पण कितीदा तरी उत्तर येतं, ‘गॉन ॲनिम’, म्हणजे ‘नाव नाही’. पिढ्यानपिढ्या वाजत आलेली, पण नाव हरवलेली किंवा कधी न ठेवलेली चाल. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा तेच लिहिलेलं आहे, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चालीसाठी.